‘असंच, काकू’

वाचक भगिनीचे पत्र :

प्रिय ताई,

मी इंदूरमध्ये राजेंद्र नगरात राहते. माहेर श्रीरामपूर तालुक्यातले; लग्न होऊन इकडे आले त्याला चौदा वर्षे झाली. कॉलनीत मराठी घरे पुष्कळ आहेत, पण आमच्या गल्लीत कॅथलिक घर आमचे एकटेच. गेल्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, चर्चमध्ये तीन दिवसांची प्रवचने झाली. रोजच्या जगण्यात आनंद आणि दया वाटून प्रत्येकाने येशूची सुवार्ता पोहोचवली पाहिजे, असे त्यांत सांगितले गेले आणि शेवटी एकेकाच्या हाती पत्रकांचा गठ्ठा देण्यात आला. माझा गठ्ठा कपाटात साड्यांखाली तसाच आहे. वाटायची भीती वाटते आणि न वाटल्याची टोचणी लागते.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचे यजमान वारले. पहिल्या दिवशी मी पिठलं-भात नेला, पुढे तेरा दिवस भाजी-पोळीचा डबा नेला आणि दुपारी त्यांच्याजवळ बसत राहिले. तेरावे झाल्यावर काकूंनी माझा हात धरून विचारले, “तू हे सगळं का करतेस गं?” माझ्या छातीत धस्स झाले. काही बोलले आणि कोणी भलता अर्थ काढला तर? मी म्हटले, “असंच, काकू.” त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्राने केले, तेच मी केले का?

शिवाय आनंद वाटायचा, तर तो आधी जवळ हवा. सासूबाई दीड वर्ष अंथरुणावर आहेत, यजमान पीथमपूरला पाळीवर जातात. (धाकट्या जावेशी सासूबाईंच्या पाटल्यांवरून दोन वर्षे बोलणे बंद आहे, पण तो घरचा विषय.) दहा वर्षांचा मुलगा विचारतो, “आई, आपण काकूंना चर्चला का बोलवत नाही?” त्याला काय सांगू? आणि मी स्वतः काय करू?

— एक भगिनी, इंदूर

उत्तर :

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात साड्यांखालचा गठ्ठा डोळ्यांसमोर राहिला, दुसऱ्या वाचनात कंसातले ते एक वाक्य. पत्रकांना तुम्ही सविस्तर जागा दिलीत आणि जावेला कंसात बसवलेत. मला त्या कंसाविषयी बरेच काही लिहायचे आहे. पण ज्या प्रश्नाने तुमची झोप उडवली त्याला आधी उत्तर दिले पाहिजे, कारण तो प्रश्न मनात ठसठसत असताना बाकीचे काहीच तुमच्या कानांत शिरणार नाही.

तुम्ही पेत्रासारखे केलेले नाही. प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी उभ्या असलेल्या पेत्राला, येशूच्या शिष्याला, विचारले गेले होते की, तूही त्या गालीलकर येशूबरोबर होतास ना. आणि त्याने शपथेवर सांगितले की, मी त्या माणसाला ओळखत नाही. काकूंनी तुम्हाला असे काही विचारलेच नाही. तुम्ही ख्रिस्ती आहात हे त्यांना चौदा वर्षे ठाऊक आहे. नाताळात तुमच्या गच्चीवर चांदणी लागते ती त्यांच्या खिडकीतून दिसत असणार. त्यांनी विचारले ते एवढेच की, तू हे का करतेस. आणि तुम्ही म्हणालात, असंच.

हा शब्द जरा हातात घेऊन बघा. आपण मराठीत ‘असंच’ केव्हा म्हणतो? ज्यामागे हिशेब नाही, परतफेडीची अपेक्षा नाही, निमित्तसुद्धा नाही, अशा गोष्टीला आपण ‘असंच’ म्हणतो. कोणी रविवारी सकाळी पोहे-जिलेबी घेऊन दारात उभा राहतो आणि आपण विचारतो, काय विशेष, तेव्हा तो म्हणतो, असंच. शिष्यांना गावोगाव पाठवताना येशूने त्यांना सांगितले होते की, तुम्हाला फुकट मिळाले आहे, तेव्हा फुकटच द्या. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ते आहे. ख्रिस्तसभा, म्हणजे आपले चर्च, ज्याला कृपा म्हणते तिचे स्वरूप हेच आहे की, ती आपली लायकी तपासून दिली जात नाही. तुमच्या तोंडून तो शब्द भीतीपोटी निघाला हे खरे, आणि ते तुम्हाला आतून कळले म्हणून तुम्ही तळमळलात. परंतु शब्द नेमका निघाला. भीतीने म्हटलेले ‘असंच’ आणि मोकळेपणाने म्हटलेले ‘असंच’ यांतला फरक बोलणाऱ्यालाच कळतो. काकूंनी कोणते ऐकले असेल? माझा तर्क आहे की, दुसरे, कारण त्यांनी तुमचा हात धरलेला होता.

तरीही पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या पेत्राची तुम्हाला आठवण झाली, त्याच पेत्राच्या नावाने असलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की, तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, मात्र ते सौम्यतेने आणि आदराने द्या. यातला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी समोरच्याने विचारायचे आहे, मग आपण उत्तर द्यायचे आहे. पुष्कळ उत्साही मंडळी हा क्रम उलटा करतात. कोणी विचारलेले नसताना उत्तरे देत सुटतात आणि मग लोक टाळतात म्हणून त्यांना वाईट वाटते. तुम्हाला तर विचारले गेले. पुन्हा कधी काकूंनी तो विषय काढला, तर एका वाक्यात खरे सांगा : “आम्हाला अडचणीत देवाने सांभाळलं, माणसांनी सांभाळलं, येशूने तसंच करायला शिकवलंय, म्हणून.” एवढे बोलून थांबा आणि त्यांच्या गेलेल्या माणसाविषयी त्यांना बोलू द्या. विषय मुद्दाम उकरून काढू नका. महिन्यापूर्वीचे उत्तर दुरुस्त करायला जाणे म्हणजे डबा कशासाठी होता याचा खुलासा करायला जाणे, आणि त्याने डब्याची चव जाते.

चव जाते म्हणजे काय होते, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात परिचारिका होते. पुरुषांच्या वॉर्डात माळव्यातलेच एक वृद्ध शेतकरी दाखल होते. त्यांचे हात थरथरत, म्हणून ड्यूटी संपल्यावर मी दहा मिनिटे थांबून त्यांना चमच्याने मऊ खिचडी भरवत असे. माझ्यामागे कोणाचा आग्रह नव्हता, मला ते आवडत होते आणि त्यांनाही. एके संध्याकाळी मला वाटले की, आपण एवढे करतो आहोत, तर कोणाच्या नावाने करतो हे त्यांना कळायला नको का. आणि ते झोपलेले असताना मी येशूच्या पवित्र हृदयाचे एक लहान चित्र त्यांच्या उशीखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने ते चित्र वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळून माझ्या हातात दिले. ती रागावलेली नव्हती, उलट संकोचली होती. म्हणाली, “सिस्टर, बाबूजी आज खिचडी नको म्हणतात.” त्यांनी पुन्हा माझ्या हातून खाल्ले नाही. त्या चित्रात काहीच वाईट नव्हते. पण त्यांच्या दृष्टीने आदल्या सगळ्या संध्याकाळींच्या खिचडीला मी मागाहून किंमत लावली होती. दयेला गळ लावला की, ती दया उरत नाही, आणि गळ लावणाऱ्याला तो दिसत नाही एवढेच.

म्हणून तुमच्या भीतीकडे मी तुच्छतेने बघत नाही. मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा पहिला कायदा 1968 साली झाला आणि सध्याचा 2021 चा आहे. बळजबरी, फसवणूक किंवा आमिष यांच्या जोरावर होणाऱ्या धर्मांतराला तो मनाई करतो. या विषयावर आपल्या शहरात किती लवकर आवाज चढतात हे तुम्हाला माहीत आहे. परंतु आपल्यापैकी फार थोड्यांना हे माहीत असते की, 1968 च्याही तीन वर्षे आधी, 7 डिसेंबर 1965 रोजी, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिशनकार्यावरच्या आपल्या आदेशात लिहून ठेवले आहे की, कोणावर श्रद्धेची सक्ती करणे किंवा कोणाला गैर युक्त्यांनी भुलवून तिच्याकडे ओढणे यांना ख्रिस्तसभा कडक मनाई करते. त्याच दिवशी परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरची घोषणाही संमत केली. म्हणजे आमिष न दाखवण्याचा नियम आपल्यावर बाहेरून लादलेला नाही, तो आपल्या घरचाच आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे 2007 साली ब्राझीलमध्ये म्हणाले होते की, ख्रिस्तसभा माणसे ओढून आणून वाढत नाही, ती आकर्षणाने वाढते. तुमच्या पिठलं-भातात अट नव्हती, तेव्हा आमिषही नव्हते, आणि तो उद्याही न घाबरता न्या.

पत्रकांचे काय करायचे, हे यावरून तुमच्या लक्षात आले असेल. ज्यांनी दिली त्यांना ती नम्रपणे परत करा आणि आमच्या गल्लीत ही चालणार नाहीत असे सांगा. त्यावर अधिक विचार करण्यात वेळ घालवू नका. साड्यांखालची जागा मोकळी होईल.

आता आनंदाविषयी. तो माझ्याजवळ नाही, असे तुम्ही लिहिता. पोप फ्रान्सिस यांनी 24 नोव्हेंबर 2013 रोजी सुवार्तेच्या आनंदावर जे प्रबोधनपत्र काढले, त्यातली दोन वाक्ये प्रवचनांत हमखास ऐकायला मिळतात. एक असे की, काही ख्रिस्ती लोकांचे जगणे म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाशिवायचा उपवासकाळ वाटतो. आणि दुसरे असे की, सुवार्ता सांगणाऱ्याचा चेहरा नुकताच मयतीहून परतल्यासारखा असू नये. ही वाक्ये ऐकून घरात आजारी माणूस असलेल्या बायका अपराधी चेहऱ्याने चर्चमधून बाहेर पडतात, हे मी पाहिलेले आहे. गंमत अशी की, त्यातल्या पहिल्या वाक्याच्या लगेच पुढे पोप काय म्हणतात, ते सांगायचे बहुधा राहून जाते. ते म्हणतात की, आयुष्यात सगळ्या वेळी आनंद सारख्याच रीतीने व्यक्त होत नाही, कठीण काळात तर नाहीच. तेव्हा तो निदान प्रकाशाच्या एका तिरिपेसारखा टिकून राहतो. आपल्यावर अपरंपार प्रेम केले गेले आहे, या खात्रीतून तो येतो. दुःखाने खचलेल्यांना हळूहळू, शांत पण पक्क्या विश्वासाच्या रूपात तो परत येऊ द्यावा लागतो, असेही त्यांनी तिथेच लिहिले आहे. सदा आनंद करा असे फिलिप्पै इथल्या ख्रिस्ती लोकांना लिहिणारा प्रेषित पौल त्या वेळी बेड्यांत होता. तो कोठडीत हसतमुख बसला असेल अशी कल्पना करायचे काही कारण नाही.

तेव्हा हसरा चेहरा करून काकूंकडे जाण्याची तुम्हाला गरज नाही. ज्या घरात मरण झाले आहे, तिथे तुम्ही थकलेल्या चेहऱ्याने गेलात आणि तरीही गेलात, हे हसण्यापेक्षा अधिक बोलके आहे. मात्र एक गोष्ट मी जुनी परिचारिका म्हणून सांगते : अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, पाठ पुसून तपासायची, चादरीची सुरकुती काढायची, चादर ओली असेल तर बदलायची, भरवायचे, आणि हे सगळे दीड वर्ष एका बाईने करायचे, हे बरोबर नाही. तुम्ही ज्याला आनंदाचा अभाव म्हणता, त्यातला निम्मा भाग निव्वळ झोपेचा अभाव असावा असा मला संशय आहे. यजमानांच्या सुट्टीच्या दिवशी दुपारचे तीन तास त्यांनी आईजवळ बसायचे आणि तुम्ही घराबाहेर पडायचे, हे आजपासून ठरवून टाका. बाहेर जाऊन काय करायचे ते मी सांगणार नाही. राजवाड्यापर्यंत जाऊन नुसते चालून आलात तरी चालेल. सासूबाईंना घरी कम्युनियन द्यायला येण्याबद्दल फादरांना सांगा. तेवढी दहा मिनिटे तुम्हीही खाली बसाल.

आणि दीड वर्ष हे एका बाईच्या अंगावर का पडले, याचे उत्तर तुमच्या कंसात आहे. दोन वर्षांपूर्वी पाटल्यांवरून बोलणे बंद झाले आणि त्यानंतर सहा महिन्यांनी सासूबाई पडल्या. धाकटी सून येईना, तुम्ही बोलवीना. पाटल्या कोणाला मिळाल्या हे तुम्ही लिहिलेले नाही. पण सेवा मी करायची आणि सोने तिच्या हातात, असा सल तुमच्या मनात असेल तर मला नवल वाटणार नाही. तो सल खोटाही नसेल. तरी हा घरचा विषय आहे, हे तुमचे म्हणणे मला पटत नाही. कॉलनीत काय लपून राहते? तुमच्या दोघींचे बोलणे बंद आहे हे शेजारच्या काकूंना नक्की ठाऊक असणार. तेरा दिवस डबा घेऊन येणारी बाई आपल्या सख्ख्या जावेच्या दारावरून मान फिरवून जाते, हेही त्या पाहत असणार; आणि “तू हे सगळं का करतेस” या त्यांच्या प्रश्नात थोडे तेही मिसळलेले असेल. पोप सहावे पॉल यांनी 8 डिसेंबर 1975 रोजी लिहिले होते की, आजचा माणूस शिकवणाऱ्यांपेक्षा साक्षीदारांचे ऐकणे अधिक पसंत करतो, आणि शिकवणाऱ्यांचे ऐकलेच तर ते साक्षीदार आहेत म्हणून ऐकतो. परक्यावर दया करणे सोपे असते. त्याने आपल्या पाटल्या घेतलेल्या नसतात.

आपण इंदूर धर्मप्रांतातली माणसे आहोत, म्हणून धन्य राणी मारियाची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तसबीर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात ही केरळची क्लॅरिस्ट सिस्टर गरीब आदिवासी शेतकऱ्यांना सावकारांच्या विळख्यातून सुटायला मदत करत होती. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये समंदर सिंह या तरुणाने तिला सर्वांदेखत सुऱ्याने भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली. 2002 साली राणी मारियाची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटाला राखी बांधली. पुढे कुटुंबाने आणि ख्रिस्तसभेने त्याच्या सुटकेसाठी विनंती केली, 2006 मध्ये तो सुटला, आणि नंतर तो केरळात तिच्या घरी गेला तेव्हा तिच्या आईने त्याच्या हातांचे चुंबन घेतले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी आपल्या शहरात राणी मारियाला धन्य म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आले.

ही कथा मी तुमच्या पाठीवर आसूड म्हणून ओढत नाही. खून कुठे आणि पाटल्या कुठे; आणि दुसऱ्याच्या क्षमेचे दाखले देऊन कोणाला क्षमा करायला लावणे हाही एक प्रकारचा जुलूम आहे. मला तुमचे लक्ष दोन बारकाव्यांकडे वेधायचे आहे. पहिला म्हणजे, खून 1995 चा आणि राखी 2002 ची. मध्ये सात वर्षे गेली, आणि त्या सात वर्षांत त्या घरात कोणाला किती रात्री झोप लागली नसेल ते देवच जाणे. तुमची दोन वर्षे झाली आहेत. तुम्हाला फार उशीर झालेला नाही. दुसरा बारकावा मला याहून मोलाचा वाटतो. सिस्टर सेल्मीने त्याला उपदेश केला असता, तर तो त्याने मान खाली घालून ऐकून घेतला असता. तिने राखी नेली. माळव्यातल्या कोणत्याही माणसाला, शिकलेल्या आणि न शिकलेल्या, राखीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एका केरळी सिस्टरने इथल्या मातीतल्या माणसाला त्याच्या मनगटाला कळेल अशा भाषेत सुवार्ता सांगितली. तुम्ही पहिल्या दिवशी पिठलं-भात नेलात, कारण मरणाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारी पिठलं-भात नेतात, हे तुम्हाला ठाऊक होते. तुम्ही बोललात ती भाषा हीच. तिला सुवार्ता म्हणतात हे कोणी तुम्हाला सांगितले नव्हते, इतकेच.

आता जावेशी कोणत्या भाषेत बोलायचे? येशू म्हणतो की, वेदीपाशी आपले दान घेऊन आलास आणि तिथे तुला आठवले की, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. यात चूक कोणाची, हा प्रश्न त्याने विचारलेला नाही. तेव्हा एखाद्या साध्या दिवशी, सणावाराला नव्हे, तिच्याकडे जा. सणाला गेलात तर ते औपचारिक वाटेल. पाटल्यांचा शब्द काढू नका, माफी मागू नका आणि मागितली जावी अशी अपेक्षाही ठेवू नका. तिला फक्त एवढे सांगा : “आईंची कूस बदलायला मला एकटीला जमत नाही. मंगळवारी दुपारी येशील का?” मदत मागणे हे दया करण्यापेक्षा अवघड असते, कारण त्यात आपला हात खाली असतो, पण दोन वर्षे रुसलेल्या माणसाला तुझी गरज आहे असे सांगणे, याच्याएवढे मोठे दुसरे काही तुम्ही तिला देऊ शकत नाही. तिने दार लावले, तर परत या, आणि मी गेले होते पण तिनेच, असे कॉलनीत कोणाला सांगू नका. काही आठवड्यांनी पुन्हा जा.

पाटल्यांचा प्रश्न यामुळे सुटणार नाही, आणि तो सोडून द्या असेही मी म्हणत नाही. क्षमा केली म्हणून हिशेब बुडत नाही. समंदर सिंहनेही शिक्षा भोगली होती. सासूबाईंची वाचा आणि स्मरण शाबूत असेल, तर दोघा भावांनी त्यांच्यासमोर बसून त्यांची इच्छा विचारावी, कागदावर उतरवावी आणि ती दोन्ही घरांनी पाळावी. ते काम पुरुषांवर सोपवा. तुम्ही मंगळवारच्या दुपारचे बघा. आणि त्याआधी एकदा पापनिवेदनाला जाऊन या. दुसऱ्याला द्यायची दया आपल्याकडे शिलकीत नसते, ती आधी घ्यावी लागते. आणि तिथे फादर पाटल्या किती तोळ्यांच्या हे विचारणार नाहीत.

तुमच्या मुलाचा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण त्याला भीती नाही. त्याला खरे सांगा : काकूंचा देवधर्म त्यांचा आहे, त्यांना यावेसे वाटले आणि त्यांनी विचारले, तर आपण आनंदाने घेऊन जाऊ, तोवर आपण त्यांच्याकडे जातो आणि त्या आपल्याकडे येतात. नाताळात तो घरी गव्हाणी मांडत असेल, तर गल्लीतल्या पोरांना बघायला बोलावू दे. पोरे विचारतील, हा गोठ्यात का जन्मला, आणि तो त्याला येते तसे उत्तर देईल. तुमच्या माहेराजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेत सगळ्या जातीधर्मांची माणसे नारळ आणि मेणबत्त्या घेऊन येतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले असेल. तिथे कोणी कोणाला, तू का आलास, असे विचारत नाही. त्याला एकदा तिकडे घेऊन जा.

एक शेवटचे. काकू संक्रांतीला तिळगूळ देतात, दिवाळीला फराळाचे ताट पाठवतात, असे मी गृहीत धरते, कारण आपल्या मराठी गल्ल्यांत तसेच असते. ते ताट तुम्ही दारातच घेऊन ‘कशाला उगाच’ म्हणता, की काकूंना आत बसवून, त्यांच्यासमोर चकली मोडून खाता? यंदा त्यांची पहिली दिवाळी दुःखाची असेल, त्यांच्या घरी फराळ होणार नाही. तेव्हा ताट तुमच्याकडून जाऊ द्या. पण एरवी त्या देतील ते हावरटासारखे घ्या. विधवा झालेल्या बाईला सगळे जण काही ना काही देत सुटतात, आणि तिच्याकडून घ्यायचे मात्र थांबवतात.

तुम्ही तेरा दिवस डबा नेलात असे लिहिलेत. आपल्याकडे डबा रिकामा परत करायची पद्धत नाही. तो काकूंकडून परत आला का, आणि आला असेल तर त्यात काय होते, हे लिहायचे राहून गेले आहे. जावेचे काय झाले ते कळवाल, तेव्हा तेही कळवा.

तुमची,
ताई